मधल्या सुट्टीची नोंद

अहवालाच्या या भागात दरवर्षी एखाद्या आजाराची माहिती देण्याची आमची प्रथा आहे. सिकलसेल, मोतीबिंदू, सर्पदंश असे विषय यापूर्वी होऊन गेले. यंदाच्या बैठकीत आम्ही विषय म्हणून शाळेच्या मधल्या सुट्टीचे नाव घेतले तेव्हा विश्वस्तांमध्ये क्षणभर हशा पिकला. रुग्णालयाचा आणि मधल्या सुट्टीचा संबंध काय, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. त्याचे उत्तर आमच्याच अपघात विभागाच्या कागदांत होते.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्रातील आमचे ज्ञान डॉक्टरांच्या सहवासात ऐकून जमा झालेले. मात्र कागद चाळण्याची सवय जुनी आहे. निर्धन रुग्ण निधीतून दिलेल्या सवलतींची प्रकरणे तपासत असताना एकाच मुलाचे तीन केसपेपर एकापाठोपाठ हाती आले. इयत्ता सहावी, वडील राईस मिलमध्ये हमाल. (मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.) पहिल्या खेपेस कपाळाला टाके, दुसऱ्या खेपेस डाव्या मनगटाला प्लास्टर, तिसऱ्या खेपेस फाटलेला ओठ. तिन्ही ठिकाणी कारणाच्या रकान्यात एकच वाक्य : ‘शाळेत खेळताना पडला.’ आणि तिन्ही कागदांवर आगमनाची वेळ दुपारी दोन ते पावणेतीनच्या दरम्यानची. हिशेब तपासणाऱ्याला अशा सारख्या वेळा खटकतात. मुलगा खेळाच्या तासाला पडत नव्हता, शाळा सुटल्यावर पडत नव्हता. तो नेमका मधल्या सुट्टीच्या अखेरीस पडत होता.

आम्ही त्याच्या आईला बोलावून घेतले. ती एवढेच म्हणाली, “पोरगा वर्गात बरा राहते जी. सुट्टी झाली का बिघडते.” तिच्या पिशवीत शाळेची चिठ्ठी होती. मुलगा हुशार आहे पण भांडखोर आहे, शिस्तीत राहत नाही, पालकांनी त्याचा दाखला न्यावा, असा तिचा मथितार्थ. म्हणजे टाके आमच्याकडे पडत होते आणि मुलाची शाळा तिकडे सुटत चालली होती. तीन वेळा केसपेपर काढूनही आम्ही कोणी त्याला ‘कसा पडलास?’ असे विचारले नव्हते, ही कबुली येथे द्यावयास हवी.

पुढे रीतसर तपासणी झाली. प्रथम डोळे व कान, कारण फळा न दिसणारे किंवा कमी ऐकू येणारे मूलही ‘लक्ष देत नाही’ या सदरात जमा होते. ते दोन्ही चांगले निघाले. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ व आमच्याकडे ठरावीक दिवशी येणाऱ्या मानसशास्त्रज्ञ यांनी त्याला वेळ दिला. गप्पांच्या ओघात कोणीतरी धानाचा विषय काढला. शासकीय भरडाईत एक क्विंटल धानामागे ६७ किलो कच्चा तांदूळ धरला जातो, हे त्याने वडिलांकडून ऐकलेले होते. त्रेचाळीस क्विंटल धानाचा तांदूळ किती, असे विचारताच त्याने तोंडी उत्तर दिले, २,८८१ किलो. आम्ही कागदावर करून पाहिले, तेव्हा ते बरोबर होते. त्याच मुलाला तेच गणित वहीत मांडावयास सांगितले तर आकडे एकाखाली एक येत नव्हते, अक्षरे ओळीबाहेर सांडत होती आणि चार ओळी लिहिता लिहिता त्याचा हात दुखू लागला. अंगणात चेंडू टाकला तर तो झेलण्यासाठी हात पुढे यावयास क्षणभर उशीर होई.

अशा मुलांना इंग्रजीत ‘ट्वाइस एक्सेप्शनल’ म्हणतात. आपण दुहेरी वेगळेपण असलेली मुले म्हणू. एका बाजूला सर्वसाधारण मुलांहून खूप पुढची बुद्धी किंवा एखादे विशेष अंग, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला अध्ययन अक्षमता, अतिचंचलता, स्वमग्नता किंवा हालचालींच्या समन्वयातील अडचण. ही दोन्ही अंगे एकमेकांना झाकतात, हे यातील मर्म आहे. हुशारीच्या बळावर मूल अडचण लपवते आणि अडचणीमुळे हुशारी वर येत नाही. परिणामी गुणपत्रकावर ते ‘साधारण’ दिसते. आमच्या भाषेत सांगावयाचे तर खात्याची जमा बाजू मोठी, नावे बाजूही तेवढीच मोठी, म्हणून शिल्लक शून्य. केवळ शिल्लक पाहणारा म्हणेल की या खात्यात व्यवहारच झालेला नाही. बुद्धिमापन चाचणीतही हा धोका असतो. शब्दज्ञान व तर्क यांत वरचे गुण आणि लिहिण्याच्या वेगात खालचे गुण यांची सरासरी काढली की मधलाच आकडा येतो, आणि त्या आकड्यात मुलाचे एकही अंग दिसत नाही. म्हणूनच मानसशास्त्रज्ञ एकूण आकड्याबरोबर प्रत्येक उपचाचणीचे गुण स्वतंत्रपणे वाचतात.

आपल्या राज्याला हा विषय अगदीच नवा नाही. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना सवलती रीतसर मान्य करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय. ते वर्ष १९९६. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका रुग्णालयातील अध्ययन अक्षमता चिकित्सालयाने या क्षेत्रात मोठे काम केले आहे. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे प्रकार २१ झाले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता यांचा समावेश झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात या दोहोंना स्थान नव्हते.

सर्वसामान्य पालकांपर्यंत मात्र हा विषय पोहोचवला तो डिसेंबर २००७ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने. त्यातील ईशान हा दुहेरी वेगळेपणाचा नमुनाच आहे. त्याला वाचता येत नाही आणि त्याचे चित्र पाहून शिक्षक थक्क होतात. प्रेक्षकांच्या स्मरणात उलटीसुलटी अक्षरे आणि शेवटची चित्रकला स्पर्धा राहिली. आरंभीचा एक प्रसंग बहुतेकांच्या विस्मरणात गेला. खेळणारी मुले ईशानला चेंडू परत फेकावयास सांगतात, तो भलतीकडेच जातो आणि त्यावरून हातघाई होते. चेंडूचा वेग व अंतर यांचा अंदाज त्याला येत नाही, ही गोष्ट पुढे शिक्षक उलगडून सांगतात. आमच्या अपघात विभागातील तीन केसपेपर हे त्याच प्रसंगाचे होते. परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. मधल्या सुट्टीच्या पाऊण तासाला मात्र कोणतीही सवलत लागू होत नाही.

सुट्टी म्हणजे विश्रांती, असे आपण गृहीत धरतो. या मुलांच्या बाबतीत ते गृहीत चुकते. वर्गात कोठे बसावयाचे, केव्हा बोलावयाचे, कोणते पान उघडावयाचे हे सर्व ठरलेले असते. घंटा झाली की ही सारी चौकट एकदम निघून जाते. पन्नास-शंभर मुले एकाच वेळी बाहेर पडतात, स्टीलच्या ताटांचा खणखणाट सुरू होतो, रांगेत मागून धक्के बसतात. ज्याच्या कानांना आवाज सोसत नाही त्याला तेवढ्यानेच घाम फुटतो. खेळाचे नियम कोणी सांगत नाही, ते चालता चालता बदलतात. ‘आउट’ झालेला भिडू मैत्रीखातर पुन्हा आत घेतला जातो, हे इतर मुलांना न सांगता कळते. आमच्या या मुलाला ते कळत नसे. त्याच्या लेखी नियम म्हणजे नियम. तो प्रत्येक डावात चूक दाखवी आणि प्रत्येक वेळी तो बरोबर असे, त्यामुळे तर मुले अधिकच चिडत.

आणखी एक गोष्ट मानसशास्त्रज्ञांनी आमच्या लक्षात आणून दिली. अशा मुलाची वाढ सर्व अंगांनी सारखी होत नाही. अकरा वर्षांच्या मुलाचे बोलणे पंधरा वर्षांच्या मुलासारखे असू शकते आणि राग आवरण्याची ताकद सात वर्षांच्या मुलाएवढी. मोठी माणसे त्याचे बोलणे ऐकतात आणि ‘एवढे कळते तर एवढेसे का कळत नाही?’ असे म्हणून त्याला शिक्षा करतात. शिवाय सकाळपासून तो आपली अडचण झाकण्यात शक्ती खर्च करीत आलेला असतो. सुट्टी येते तेव्हा हाती काही उरलेले नसते. म्हणूनच ‘वर्गात बरा राहते’ हे त्याच्या आईचे निरीक्षण आम्हांस कोणत्याही चाचणीइतके मोलाचे वाटते.

आमच्या वैद्यकीय समाजसेविका मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन तीन दिवस त्या शाळेच्या व्हरांड्यात मधल्या सुट्टीत बसल्या. त्यांनी मुलाला काही विचारले नाही, कोणाला काही सांगितले नाही. केवळ मिनिटे व घटना लिहिल्या. ती तीन पाने आम्ही जपून ठेवली आहेत. रांगेच्या पहिल्या दहा-बारा मिनिटांत तो दोन्ही कानांवर हात ठेवून उभा असे आणि मागच्या मुलाचा धक्का लागला की वळून ढकलत असे. जेवण झाल्यावर पंधरा-वीस मिनिटे काहीच बिघडत नसे. तिसरी-चौथीची दोन मुले त्याच्याभोवती बसत आणि तो त्यांना रेल्वेगाड्यांचे क्रमांक किंवा असेच काही सांगत असे. तेव्हा तो हसतही असे. मग मोठ्या मुलांची कबड्डी सुरू झाली की तो उठून तेथे जाई आणि घंटा होण्याच्या सुमारास, डाव अर्धवट मोडताना, भांडण पेटे. तिन्ही दिवस क्रम हाच.

मुख्याध्यापकांनी ती पाने वाचली आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. त्यांच्या मनात सबंध सुट्टीच वाईट होती. कागदावर मात्र असे दिसत होते की बिघाड दोनच सांध्यांवर होता. एक रांगेचा आणि दुसरा डाव संपण्याचा. मधला वेळ चांगला होता. उपाय सांध्यांवर हवा होता.

तरीही पहिला उपाय चुकला, आणि त्यात आमचाही सल्ला होता. मुलाला सुट्टीत ग्रंथालयाच्या खोलीत बसू द्यावे असे ठरले. भांडणे त्याच दिवसापासून थांबली. शाळेला हायसे वाटले, आम्हालाही वाटले. महिन्याभराने समाजसेविका पुन्हा गेल्या तेव्हा त्यांना आढळले की त्या दोन लहान मुलांशीही त्याचे बोलणे बंद झाले आहे. सबंध महिन्यात सुट्टीत तो कोणाशी एक शब्द बोललेला नव्हता. शांत जागा आवश्यक आहे, परंतु तिचे दार आतून उघडणारे हवे. मूल थकले की तेथे जावे आणि सावरले की बाहेर यावे. तेथे पाठवून दिलेले मूल आणि वर्गाबाहेर उभे केलेले मूल यांत फारसा फरक नाही, हे आम्ही त्या महिन्यात शिकलो.

दुसऱ्या खेपेस आखणी अधिक विचारपूर्वक झाली. पोषण आहाराच्या वेळी ताटे मोजून स्वयंपाक करणाऱ्या ताईंना देण्याचे काम त्याच्याकडे आले. त्यामुळे रांग लागण्यापूर्वीच तो पुढे पोहोचतो आणि सर्वांत आधी जेवावयास बसतो. हे काम पाच मिनिटांचेच असावे, असा आमचा आग्रह होता. हुशार मुलाला सुट्टीभर कामाला जुंपण्याची वृत्ती शाळांत असते आणि कौतुकाच्या नावाखाली त्याची सुट्टी संपून जाते. जेवणानंतर व्हरांड्यात बुद्धिबळाचा पट व कॅरम मांडला जाऊ लागला. तो सर्वांसाठी खुला होता. केवळ एका मुलासाठी मांडला असता तर त्याच्याकडे बोटे दाखविण्यास आणखी एक निमित्त मिळाले असते. क्रीडाशिक्षकांनी खेळाच्या तासाला कबड्डीचे नियम मुलांकडूनच वदवून घेऊन तक्त्यावर लिहविले. मैत्रीखातर भिडू परत घ्यावयाचा असेल तर दोन्ही गटनायकांनी हात वर करावा, हाही एक नियम त्यात आला. हा नियम मुलांनीच सुचविला होता. आमच्या या मुलाला तो लगेच पटला, कारण तो आता लिहिलेला होता. घंटेपूर्वी पाच मिनिटे एक शिट्टी वाजू लागली, म्हणजे डाव मध्येच न तुटता संपविता येतो. आणि राग चढू लागला की कोणालाही कारण न सांगता ‘पाणी’ एवढाच शब्द उच्चारून खेळातून बाहेर पडावयाचे, हे त्याच्याशी व गटनायकांशी ठरले.

हे सर्व लागू झाल्यानंतर भांडणे अगदी संपली असे आम्ही म्हणणार नाही. एकदा शिट्टी वाजवावयाची राहून गेली आणि त्या दिवशी पुन्हा झटापट झाली. परंतु दाखल्याची चिठ्ठी शाळेने मागे घेतली आणि त्याच्या नावाचा चौथा केसपेपर अद्याप निघालेला नाही.

मुली बहुधा भांडत नाहीत, म्हणून त्या नोंदवहीत येतच नाहीत. एका आश्रमशाळेतील मुलगी दुपारच्या डोकेदुखीसाठी वारंवार आमच्या बाह्यरुग्ण विभागात येत असे. तपासण्या निर्दोष. तिची चित्रे पाहिली तर प्रत्येक झाडाचे पान ओळखू यावे इतकी नेमकी होती. वाचन मात्र दुसरीच्या मुलांएवढे. मधल्या सुट्टीत ती स्वच्छतागृहाच्या मागे बसून राहते, हे तिच्या मैत्रिणीने सांगितले. घोळक्यात बोलणे भरभर चालते, थट्टा गोंडीत सुरू होते आणि मराठीत संपते, मध्ये हिंदीही येते. ज्या मुलीला एकेक वाक्य लावून घ्यावयास वेळ लागतो ती या थट्टेत नेहमी मागे पडते आणि मग तिचीच थट्टा होते. गोंदिया जिल्ह्यात देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागांत आश्रमशाळा व वसतिगृहे आहेत. तेथील मुलांच्या बाबतीत हा प्रश्न पाऊण तासाचा नसतो. शाळा सुटल्यापासून दिवे मालवेपर्यंतचा सारा वेळ त्यांना घोळक्यातच काढावयाचा असतो आणि संध्याकाळी परतावयास घर जवळ नसते. अधीक्षक व अधीक्षिका यांना या विषयाची माहिती असणे म्हणूनच वर्गशिक्षकांइतकेच, किंबहुना थोडे अधिक, आवश्यक आहे.

येथे पालकांशी थोडे स्पष्ट बोलावयास हवे. मूल हुशार आहे असे कळले की पहिली गदा सुट्टीवर येते. शिष्यवृत्तीची तयारी, नवोदयची तयारी, सारे मधल्या सुट्टीत. नवेगावबांध येथील जवाहर नवोदय विद्यालयात आपले मूल जावे अशी इच्छा बाळगण्यात गैर काही नाही. उलट सहावीच्या त्या प्रवेशपरीक्षेत उत्तरे वर्तुळे रंगवून द्यावयाची असल्याने, हस्ताक्षर वाईट असलेल्या मुलाची बुद्धी तेथे प्रथमच दिसून येण्याचा संभव असतो. परंतु प्रवेश मिळाला की ते मूल निवासी शाळेत जाणार आणि तेथे मोकळ्या वेळात चार मुलांत वावरावे लागणार. ज्या सुट्टीत ते हे शिकू शकले असते तीच आपण तयारीसाठी काढून घेतलेली असते. पुण्यातील ज्ञान प्रबोधिनी ही संस्था डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये बुद्धिमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी स्थापन केली. तिनेही अभ्यासाच्या बरोबरीने दलावरील मैदानी खेळांना स्थान दिले, ही बाब विचारात घेण्याजोगी आहे.

दुसरी गदा शिक्षेची. गृहपाठ अपुरा राहिला तर सुट्टीत बसून पूर्ण कर, हा सर्वत्र चालणारा रिवाज. ज्याचा हात लिहिताना दुखतो त्याचा गृहपाठ रोजच अपुरा असतो, म्हणजे त्याची सुट्टी रोजच जाते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या जानेवारीत एक धोरणपत्र काढून, शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी म्हणून मुलांची मधली सुट्टी काढून घेऊ नये असे म्हटले आहे. तेथील शाळा आणि आपल्या शाळा यांत पुष्कळ अंतर आहे, तथापि हे वाक्य आमच्या व्हरांड्यालाही लागू पडते. आपल्याकडे कायद्याचा आधारही आहे. २०१६ च्या अधिनियमातील कलम १६ नुसार शासनाने अनुदान किंवा मान्यता दिलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना शिक्षणाबरोबर खेळ व मनोरंजनाची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यावयाची आहे, आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखावयाची आहे. प्रमाणपत्र हाती आल्यावर पालक जादा वेळ व लेखनिक यांचीच चौकशी करतात. खेळाच्या संधीबद्दल विचारणारे पालक आम्हांस अद्याप भेटले नाहीत.

औषधांविषयी दोन शब्द. अतिचंचलतेसाठी काही मुलांना तज्ज्ञ डॉक्टर मिथाइलफेनिडेट हे औषध देतात. त्याच्या साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. सकाळी नऊ-दहाला घेतलेली गोळी दुपारी एक-दोनच्या सुमारास, म्हणजे ऐन सुट्टीत, ओसरू लागते. शिवाय या औषधाने भूक मंदावते, म्हणून मूल जेवत नाही आणि उपाशी मुलाचा राग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. मुलाचे वागणे कोणत्या वेळी बिघडते हे डॉक्टरांना नेमके सांगितले तर गोळीची वेळ किंवा प्रकार ते बदलू शकतात. पालकांनी आपल्या मनाने तसे करू नये. हे औषध अनुसूची एक्समध्ये मोडते. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत औषधविक्रेत्याला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. आमच्या औषधभांडारातील कर्मचारी चिठ्ठीबाबत काटेकोर राहतात ते याच कारणाने. त्यामुळे कोणी रागावू नये ही विनंती.

आता शिक्षकांची बाजू. ‘सुट्टीत मैदानावर कोणी शिक्षक का नसतो?’ असे आम्ही आरंभी मोठ्या तोऱ्यात विचारले होते. उत्तर मिळाले ते आम्हांस खाली पाहावयास लावणारे होते. आपल्या जिल्ह्यातील अनेक लहान शाळा द्विशिक्षकी आहेत. सुट्टी झाली की एक शिक्षक आहार वाटपावर असतो आणि दुसरा त्याच आहाराची नोंदवही भरत असतो. त्यांना स्वतःचा डबा खावयासही वेळ नसतो. अशा शाळेला ‘मुलांवर लक्ष ठेवा’ असे सांगणे सोपे आहे. आम्हांस जे जमण्याजोगे वाटले ते असे की सबंध पाऊण तास राखण करण्याऐवजी केवळ शेवटची दहा मिनिटे एका मोठ्या माणसाने मैदानाच्या कडेला उभे राहावे. तो शिक्षकच हवा असे नाही. शाळा व्यवस्थापन समितीतील एखादे पालक, निवृत्त गुरुजी, कोणीही चालेल. त्या मुलाच्या शाळेत सध्या एक आजोबा येतात. शिट्टी त्यांच्याकडेच असते.

खर्चाचा प्रश्न विश्वस्त मंडळाने विचारलाच, आणि तो विचारणे मंडळाचे कामच आहे. बुद्धिबळाचे पट, कॅरम, एक शिट्टी आणि नियमांचा तक्ता एवढेच सामान लागते. खरा खर्च माणसाच्या वेळेचा आहे. समाजसेविका तीन दिवस शाळेत बसतात तेव्हा रुग्णालयातील त्यांचे काम दुसऱ्या कोणास तरी करावे लागते. मंडळाने ही पद्धत चालू ठेवण्यास संमती दिली आहे. अपघात विभागाच्या केसपेपरवर शाळकरी मुलांसाठी आता दोन रकाने वाढविले आहेत : घटना शाळेच्या कोणत्या वेळेत घडली, आणि असे पूर्वी किती वेळा झाले.

ज्या पालकांना आपल्या मुलाविषयी असा संशय वाटत असेल त्यांनी तपासणीस येताना दोन-तीन विषयांच्या वह्या, मागील गुणपत्रके आणि डोळ्यांच्या तपासणीचा कागद असल्यास तो सोबत आणावा. मुलाने स्वतःहून केलेली एखादी वस्तू, चित्र, जोडलेले खेळणे, जे काही असेल तेही आणावे, कारण डॉक्टरांना जमेची बाजूही पाहावयाची असते. शक्य झाल्यास वर्गशिक्षकांकडून मधल्या सुट्टीतील सलग तीन दिवसांची नोंद एका कागदावर लिहून घ्यावी : मूल कोठे होते, कोणाबरोबर होते, काय खाल्ले आणि घंटा झाली तेव्हा काय करीत होते. अभिप्राय नसला तरी चालेल. कोरा कागद व नमुना आमच्या चौकशी खिडकीवर विनामूल्य मिळतो, आणि मुख्याध्यापकांनी मागणी केल्यास शाळेतही पोहोचविला जातो.